‘नाइस’चं शेवटचं प्रूफ

बेल होती, तरी ती बाई दारावर बोटानेच वाजवत होती, आणि तेही इतकं हलकं की भावोजींना वाटलं, पाल चुकचुकतेय.

“उघडा दार,” वहिनी आतून म्हणाल्या. “आणि त्यांना न करकरणारी खुर्ची द्या. आई आहेत त्या कुणाच्या तरी.”

“न बघताच?”

“दाराबाहेर एवढीशी चप्पल दिसली की दुपारी बेल वाजवायची नाही, हे आयांनाच सुचतं. बाकीचे बेलवरचं बोट काढत नाहीत. तुम्ही धरून.”

भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. दोन परीक्षा अर्धवट सोडून ते वहिनींच्या तपासाच्या धंद्यात मदतीला आले होते. म्हणजे स्कूटर चालवायचे आणि प्रश्न विचारायचे. दारावर ‘खासगी तपास’ एवढीच पाटी होती. सगळी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणायची.

आलेली बाई तिशीची होती. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे तिने एकदा पाहिलं आणि आवाज आपसूक खाली आणला.

“किती महिन्यांचं आहे?”

“दहा. आत्ताच निजलाय. बोला.”

“माझी तीन वर्षांची आहे. नवऱ्याने तिला नणंदेकडे नेऊन ठेवलंय. परवा गेले होते, दार उघडलं नाही. आतून ती मला हाका मारत होती.” बाई रडत नव्हती. हाताची बोटं एकेक करून दाबत होती. “माझे सासरे आठवड्यापूर्वी दम्याने गेले. मुठीत पंप होता आणि तो रिकामा होता. घरचे म्हणतात, तो रिकामा पंप मी मुद्दाम दिला. ज्या बाईने सासऱ्याला मारलं तिच्याकडे पोर द्यायची नाही.”

“दिला होता का?”

“नवा दिला होता. त्याच आठवड्यात आणलेला.”

“त्यांना मारायला तुमच्याकडे काही कारण होतं?”

“होतं,” बाई म्हणाली. “सगळ्यांकडेच होतं.”

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींना हे उत्तर आवडलेलं दिसलं.

बाईने सांगितलं ते असं. सासरे इंग्रजी शब्दांच्या मोठ्या कोशाचे मुख्य संपादक. ऑफिसात सगळे त्यांना थोरले म्हणत. प्रत्येक शब्दाचे अर्थ, तो कसकसा वापरला गेला आणि तो मुळात आला कुठून, हे सगळं त्या कोशात यायचं. सून तिथेच वापराची उदाहरणं जमवायची. मुलगा हिशेब आणि छपाई बघायचा. कोश ‘एन’पर्यंत आला होता, आणि थोरले गेले त्या दुपारी ‘नाइस’ या शब्दाचं शेवटचं प्रूफ वाचलं जात होतं.

“नाइस म्हणजे छान, तेच ना?” भावोजी म्हणाले.

“हल्ली. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ, ज्याला काही कळत नाही तो. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख. मग नखरेल, मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि फार उशिरा, छान.” बाई जरा थांबली. “मामंजी सगळ्यांना म्हणायचे. काम नेऊन दाखवलं की, ‘नाइस.’ नवा माणूस खूश व्हायचा. आठवड्याभराने कुणीतरी त्याला सांगायचं की थोरले शब्द जुन्या अर्थाने वापरतात. मग तो मागचे सगळे ‘नाइस’ आठवत बसायचा. मामंजींना ते बघायला आवडायचं.”

“तुम्हालाही म्हणायचे?”

“रोज. मुलीलासुद्धा म्हणाले. तिने त्यांच्या पंपाचं झाकण चावलं होतं. ‘नाइस. आईवर गेलीय,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रूफ चालू असताना खिशातून तो पंप काढला, माझ्याकडे बघत टेबलाखालच्या टोपलीत टाकला. उष्टा म्हणून. संपतच आला होता तसा. म्हणून तर मी नवा आणला.”

“तेव्हा खोलीत कोण होतं?”

“मी आणि वाचक.”

“वाचक म्हणजे?”

“आमच्याकडे प्रूफ दोघं मिळून वाचतात. वाचक मूळ प्रत मोठ्याने वाचतात, स्वल्पविरामासकट. मामंजी समोर बसून छापील ओळीखाली लाकडी पट्टी सरकवत जातात. चूक दिसली की पट्टी टेबलावर वाजवायची. ठोका पडला की वाचकांनी जिथे असतील तिथे थांबायचं, शब्द अर्धा असला तरी. चूक दुरुस्त झाली की मामंजी म्हणणार ‘पुढे’, मग पुढे. एकदा ठोक्यानंतर वाचकांच्या तोंडून एक शब्द जास्त गेला, तर पूर्ण नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. घसा बसला त्यांचा. वीसेक वर्षं वाचताहेत ते.”

“आणि त्या दिवशी?”

“वाचन संपलं, वाचक प्रूफ घेऊन खाली छापखान्यात गेले. चहा आला होता, तो घेऊन मी आत गेले. मामंजी खुर्चीत होते, डोकं टेबलावर. चष्मा जमिनीवर. खिडकी बंद होती.” ती पुन्हा बोटं दाबू लागली. “खिडकी ते कधीच बंद करू देत नसत. आणि खोलीत जुन्या धुळीचा वास होता.”

आत बाळ कुरकुरलं. दोन्ही बायका एकदमच गप्प झाल्या, कान देऊन बसल्या. कुरकुर थांबली.

“मुलगी मिळेल ना मला?” बाईने विचारलं.

“ते कोर्टाने सांगायचं,” वहिनी म्हणाल्या. “पंप कुणी बदलला, ते मी सांगेन.”

कोशाचं ऑफिस छापखान्याच्या वर होतं. तीन खोल्या एका रांगेत. मधली थोरल्यांची. तिच्या एका बाजूला विटांची भिंत आणि पलीकडे मुलाची खोली. दुसऱ्या बाजूला नुसती प्लायवुडची आडभिंत, वर हातभर जागा उघडी, आणि पलीकडे उपसंपादक.

मुलगा चाळिशीला टेकलेला, इस्त्रीचा. त्याने बसा म्हटलं नाही.

“बायकोने माझ्यावर डिटेक्टिव्ह लावलाय. छान. पैसे कुठून आणले तिने?”

“अजून दिले नाहीत,” वहिनी म्हणाल्या आणि बसल्या. “पंप तुमच्याकडे आहे म्हणे.”

त्याने ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. “पोलिसांनी बघून परत दिला. त्यांच्या दृष्टीने म्हातारा माणूस, दमा, निष्काळजीपणा. माझ्या दृष्टीने नाही. हे झाकण बघा. जीव जाताना बाबांनी दातांनी चावलंय.”

वहिनींनी पिशवी उजेडात धरली. झाकणाच्या कडेला बारीक खळगे होते, तांदळाच्या दाण्याएवढे, वर चार आणि खाली दोन.

“वडिलांचे दात कसे होते?”

“कवळी होती. का?”

“सहजच. त्या दुपारी तुम्ही इथेच होतात?”

“इथेच. चहा येईपर्यंत उठलो नाही. हिशेब करत होतो, आणि बाबांचं पलीकडे टक्, टक्, टक्. त्या दिवशी फारच चुका काढत होते. माझं टेबल भिंतीला लागून आहे, अगदी कानाशी वाजवल्यासारखं. बेरीज तीनदा चुकली. शेवटी मी भिंतीवर एक बुक्की मारली. मग जरा वेळाने थांबलं.”

“वाचन ऐकू येत होतं?”

“ही वीट आहे, बाई. ठोका येतो, बोलणं येत नाही.”

“चहा आल्यावर ठोके होते का?”

“नाही. चहाच्या आधीच संपलं होतं त्यांचं.” त्याने पिशवी ओढून घेतली. “झालं? तिला सांगा, मुलगी तिला विसरायला लागलीय.”

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, “माणूस कडू आहे. पण कवळीनेही चावता येतं, वहिनी.”

“आपल्या घरचे चमचे बघा कधीतरी,” वहिनी म्हणाल्या. “आणि आता प्लायवुडकडे चला.”

उपसंपादक लुकडे, तपकिरी स्वेटर घातलेले. त्यांच्या डोक्यावर पंखा घरघरत होता आणि तरी स्वेटर काढलेला नव्हता.

“वाईट वाटलं का, ते विचारू नका,” ते म्हणाले. “मी शब्दांच्या मुळांचा माणूस आहे, मुळापासून सांगावं लागेल.”

“त्या दिवसाचं सांगा.”

“त्या दिवशी पहिल्यांदा एक अख्खी नोंद सलग ऐकली, बाई. एरवी यांचं वाचन म्हणजे खड्ड्यांतून चाललेली बस. चाललं, थांबलं, ‘पुढे’, चाललं, थांबलं. मध्ये कुणाचा तरी बाप निघायचा. त्या दिवशी असं वाहत होतं की मी पेन खाली ठेवलं. आवाज आहे हो त्यांना. ‘अज्ञानी’पासून ‘छान’पर्यंत एका दमात. मला पाठ झालीय.”

“ठोके?”

“या पंख्याखाली ठोके येत नाहीत. थांबला की ठोका पडला, असं समजायचं. त्या दिवशी थांबलेच नाहीत.”

“कुठपर्यंत चाललं?”

“चहा येईस्तोवर. किटलीचा आवाज झाला आणि यांचं शेवटचं वाक्य संपलं.”

“थोरल्यांचं आणि वाचकांचं कसं होतं?”

उपसंपादकांनी पंख्याकडे पाहिलं. “पुढच्या खंडापासून मशीन वाचणार होतं. मशीनला आवाज लागतो. थोरल्यांनी वाचकांना महिनाभर रोज एका खोलीत बसवून वाक्यं वाचून घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही. संपल्यावर सांगितलं. म्हणाले, ‘आता आवाज आमच्याकडे आहे, तुम्ही या.’ प्रस्तावनेत नाव तरी घाला म्हणून ते विनवत होते. तर म्हणाले, आवाजाला कुठे नाव असतं.”

“आणि तुम्ही?”

“मी हसलो,” उपसंपादक म्हणाले. “सगळेच हसलो. थोरले बघत असायचे ना, कोण हसत नाही ते.”

उठताना वहिनींनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. टोपलीतला कचरा कोण काढतं? वाचकच, असं कळलं. न छापलेल्या कोशाचा कपटाही बाहेर जाऊ नये म्हणून प्रुफाची रद्दी झाडूवाल्याला द्यायची नाही, वाचकांनी स्वतः फाडून खाली लगद्याच्या पोत्यात टाकायची, असा थोरल्यांचा नियम होता. आणि त्या दिवशी अडगळीच्या खोलीची किल्ली कुणी नेली होती? तीही वाचकांनीच. जुना कुठलासा खंड हवा होता म्हणाले.

थोरल्यांची खोली तशीच ठेवलेली होती. टेबल विटांच्या भिंतीला लावलेलं. त्यावर तो जुना खंड, जाडजूड, उघडला की भुरकट धूळ उडणारा. भावोजींनी उघडला आणि लगेच चार शिंका दिल्या.

“दम्याच्या माणसासमोर हे कोण आपटेल?” ते नाक पुसत म्हणाले.

वहिनी पट्टी बघत होत्या. टोकाला पांढरा चुना लागला होता.

“भावोजी, टेबलाखाली शिरा.”

“मीच का?”

“मी शिरले तर साडी झटकत बसावं लागेल. तुम्ही तसेही मळलेलेच असता.”

भावोजी गुडघ्यांवर खाली गेले. डोकं आपटल्याचा आवाज आला, मग त्यांचा आवाज आला. “वहिनी, इथे भिंतीला टवके आहेत. ताजे. चुन्याचा चुरा पडलाय खाली.”

“किती उंचीवर?”

“उंची कसली? मी बसलोय ना, माझ्या छातीशी येतायत.”

वहिनींनी पट्टी खाली ठेवली. चेहरा उतरला होता. खिडकीशी जाऊन त्यांनी घरी फोन लावला, बाळ उठलं का विचारलं, सासूबाईंचं उत्तर ऐकलं, आणि ठेवल्यावरही फोन हातात घट्ट धरून उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

“काही नाही. वाचकांना बोलवा.”

वाचक पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. बोलायला लागले की माणूस त्यांच्या कपड्यांकडे, वयाकडे बघायचं विसरायचा, असा आवाज. खोल, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं.

“थोरले शेवटपर्यंत ठीक होते,” ते म्हणाले. “ठोके देत होते. तुम्ही त्यांच्या मुलाला विचारा, भिंतीपलीकडे आहे तो. मी बाहेर पडेपर्यंत पट्टी वाजत होती. जे काही झालं ते मी गेल्यावर आणि सूनबाई आत येण्याआधी.”

“पट्टी वाजत होती याला मुलगा साक्षी आहे.”

“आहेच.”

“जुना खंड त्यांनीच मागवला?”

“त्यांनीच.”

“खिडकी?”

“त्यांनीच लावायला सांगितली. वाऱ्याने पानं उडत होती.”

“तुमचं त्यांच्याशी भांडण नव्हतं?”

“वीस वर्षांत मी त्यांना एकदाही उलट बोललो नाही,” वाचक म्हणाले. ते खरं असणार, असं भावोजींना वाटलं. नंतर त्यांनी तसं वहिनींना सांगितलंही.

“खरंच आहे ते,” वहिनी म्हणाल्या. “तेच तर वाईट आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत जमवलं. सूनबाई दाराशी उभी होती. तिच्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“मला फक्त ते वाचन ऐकायचंय,” वहिनी मुलाला म्हणाल्या. “तुम्ही आपल्या खोलीत बसा. उपसंपादक, तुम्हीही, पंखा लावून. वाचक त्याच जागी बसतील आणि ‘नाइस’ची नोंद वाचतील. थोरल्यांच्या जागी आमचे भावोजी.”

“मला इंग्रजी शब्दांतलं काही कळत नाही,” भावोजी म्हणाले.

“शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे, बसा.”

पण त्यांनी भावोजींना खुर्चीत बसवलं नाही. हाताला धरून टेबलाखाली, भिंतीशी, जमिनीवर बसवलं आणि हातात पट्टी दिली. वाचकांनी ते पाहिलं.

“वाचा.”

वाचक वाचू लागले. लॅटिन मूळ, न जाणणारा. जुन्या फ्रेंचमधला अर्थ, भोळा, मूर्ख. आवाजाने खोली भरून गेली. भावोजींनी पट्टीचं टोक भिंतीवर मारलं.

वाचक अर्ध्या शब्दावर थांबले.

“पुढे,” वहिनी म्हणाल्या.

पुन्हा वाचन, पुन्हा ठोका. वाचक पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी न थांबायचा प्रयत्न केलेला सगळ्यांना दिसला. गळ्याची शीर फुगली. तरी जीभ थांबलीच.

वहिनींनी मुलाला आणि उपसंपादकांना आत बोलावलं.

“हाच आवाज होता,” मुलगा म्हणाला. “असाच, कानाशी. टेबलावरचा नेहमीचा ठोका इतका जवळ येत नाही.”

“हा नव्हता,” उपसंपादक म्हणाले. “ही तर आपली नेहमीची बस झाली. त्या दिवशी थांबत नव्हते.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“दोघंही खरं बोलताय,” वहिनी म्हणाल्या. “एकाला ठोके ऐकू आले, वाचन नाही. दुसऱ्याला वाचन, ठोके नाहीत. दोन्ही चहा येईपर्यंतच्याच वेळात. ठोके पडत होते आणि वाचन थांबत नव्हतं. या खोलीतल्या नियमाने हे होऊच शकत नाही. आत्ता पाहिलंत ना, थांबायचं नाही म्हटलं तरी यांची जीभ थांबते. त्या दिवशी ती थांबली नाही, कारण यांनी तशी तयारी केली होती. घरी सराव केला असेल.”

वाचक हातातल्या पानांकडे बघत राहिले.

“ठोके टेबलावर नव्हते. पट्टीला चुना आहे, भिंतीला टवके आहेत, आणि ते जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. प्रूफ कुणी जमिनीवर बसून तपासत नाही. थोरले खुर्चीवरून खाली पडले होते. बोलायला श्वास नव्हता. हातात पट्टी होती. ते चुका दाखवत नव्हते. हाका मारत होते.”

सूनबाईने तोंडावर हात धरला.

“निजलेल्या मुलाशी आपण बोलतो तेव्हा मध्ये थांबत नाही, कारण उत्तर येणार नसतं. उपसंपादक म्हणाले, वाचन वाहत होतं. मला तेव्हाच भीती वाटली. यांना समोरून उत्तर नको होतं.”

“पण पंप?” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

“तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे तो जुना. झाकणावरचे दात कवळीचे नाहीत. दुधाचे आहेत, तुमच्या मुलीचे. बापाला ओळखू यायला हवे होते. तो पंप तुमच्या वडिलांनी यांच्यासमोर टोपलीत टाकला, आणि टोपली फक्त हेच रिकामी करतात. यांनी तो उचलला, राहिलेलं औषध उडवून टाकलं आणि जपून ठेवला. त्या दिवशी टेबलावरचा नवा पंप उचलला, त्याजागी हा ठेवला. खिडकी लावली, जुना खंड तोंडासमोर आपटला. आणि वाचत बसले, मोठ्याने, म्हणजे घरघर प्लायवुडपलीकडे जाऊ नये. संपल्यावर उचलून खुर्चीत बसवलं. तुमच्या बायकोने नवा पंप दिला होता. ती खरं बोलत होती.”

“सिद्ध करा,” वाचक म्हणाले. पण ते नुसतं एक वाक्य होतं. त्यांनी पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली, कडा सारख्या केल्या आणि मुलाकडे वळले.

“वीस वर्षांत पहिल्यांदा ते मध्ये न बोलता ऐकत होते,” ते त्याच स्वच्छ आवाजात म्हणाले. “‘मूर्ख’ला खाली पडले. ‘नखरेल’ आणि ‘चोखंदळ’भर पट्टी वाजत होती. मला वाटलं, पलीकडून कुणी येईल. आलं असतं तर मी थांबलोही असतो कदाचित. मग तुमची बुक्की आली.”

मुलगा भिंतीला टेकला.

“बुक्की ऐकली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं वाटलं असणार. दाराकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. कुणी आलं नाही. मग पट्टी खाली ठेवली. ‘छान’पर्यंत मी एकटाच पोचलो.”

पलीकडे उपसंपादकांचा पंखा चालूच राहिला होता.

“खाली पोलीस थांबलेत,” वहिनी म्हणाल्या. “भावोजी, यांच्याबरोबर जा.”

जाताना वाचकांनी दारात सूनबाईला वाट दिली, एक पाऊल मागे सरून. “तुमच्या मुलीचं वाईट वाटलं,” ते म्हणाले. “पण माझं तर काहीच कुणाला वाटलं नव्हतं.”

नणंदेचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मुलगा पुढे चढत होता, कठडा धरून, म्हाताऱ्यासारखा. मागे सूनबाई, आणि तिनेच गळ घातली म्हणून वहिनी आणि भावोजी.

नणंदेने दार उघडलं, भावाचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाली.

मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. एका पायात मोजा, दुसरा हातात. सूनबाई खाली बसली आणि हात पुढे केले. मुलगी आली नाही. एकदा आत्याकडे बघितलं, एकदा बापाकडे.

“आत्या म्हणते, तू आजोबांचं औषध संपवलंस.”

“नाही गं, राणी.”

“बाबा पण म्हणाले.” तिने मोजा तोंडात घातला, काढला. “बाबा, तुम्हीच म्हणालात ना?”

“चुकून म्हणालो,” बाप म्हणाला. “आईने काही केलं नाही.”

“मग आजोबांनी कुणाला बोलावलं नाही?”

भावोजी वहिनींच्या कानाशी येऊन म्हणाले, “चला वहिनी, आपलं काम झालं.” वहिनी हलल्या नाहीत.

मुलगी हळूहळू आईपाशी आली. आधी नुसता खांद्याला हात लावला, गरम आहे का बघावं तसा. मग मांडीवर चढली आणि घट्ट धरून बसली. पण तोंड बापाकडेच होतं.

“बोलावलं नाही?” तिने पुन्हा विचारलं.

बापाने बायकोकडे पाहिलं. आठवड्याभरात पहिल्यांदाच. त्याला काय हवं होतं ते सगळ्यांना कळलं. तिने काहीतरी बोलावं, विषय बदलावा, पोरीला उचलून बाहेर न्यावं.

सूनबाईने मुलीच्या पायात दुसरा मोजा चढवला, नीट वर ओढला.

“सांगा तिला,” ती म्हणाली. “आम्ही थांबलोय.”